सफरचंदाच्या झाडासाठी थाळी वाजवायची का?

प्रश्न: ताई, लग्नानंतर मी इंग्लंडमधल्या सॉमरसेटला आलेय, इथे ओळखीचं कोणीच नाही. शेजारच्या आजी म्हणतायत जानेवारीत बागेत वासेलिंगला ये, पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजेचा सण आहे म्हणे. जाऊ का? काय करतात तिथे?

उत्तर: अगं नक्की जा! 'वासेल' म्हणजे जुन्या भाषेत 'निरोगी राहा', आणि हा आशीर्वाद द्यायचा चक्क झाडाला. अंधार पडला की सगळा गाव बागेतल्या सर्वात जुन्या सफरचंदाच्या झाडाभोवती जमतो, मुळांवर सायडर म्हणजे सफरचंदाची दारू ओततात, सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांद्यांना लावतात रॉबिन पक्ष्यांसाठी, गाणी म्हणतात आणि मग भांडी बडवून, कुठेकुठे बंदुकीचे बार काढून वाईट शक्तींना पळवतात की यंदा झाड लगडू दे. बरेच ठिकाणी हे १७ जानेवारीला असतं कारण १७५२ मध्ये इथलं कॅलेंडर बदलून तारखा सरकल्या तरी लोकांनी जुन्या कॅलेंडरचाच दिवस धरून ठेवला, मला हे फार आवडतं. आता पेगन म्हणशील तर आजचे पेगन लोक हा सण आपला मानतात हे खरं, पण बागेतल्या वासेलिंगची नोंद १५८५ ची, इंग्लंडमधल्याच केंटमधली, त्याआधीचं ठामपणे सांगता येत नाही. आणि आपण पोळ्याला बैलाला ओवाळतोच ना, मग झाडाचं तुला परकं का वाटावं? चिखल असतो, गमबूट घाल. घरची थाळी आणि पळी ने, दारू नको असेल तर सफरचंदाचा ज्यूस घे, आणि आजींचा हात धरून पुढे उभी राहा.