‘नाही’ म्हणायचं, पण कुठलं?

प्रश्न: लोअर परळला ऑफिसात आहे. मागच्या आठवड्यात उशीर झाला म्हणून मेलमध्ये ‘द टॅक्सी ड्रायव्हर डिनाइड टु कम’ असं लिहिलं, तर साहेब हसले आणि चुकलंय म्हणाले, का ते काही सांगितलं नाही. रिफ्यूज, डिनाय, रिजेक्ट, डिक्लाइन सगळ्यांपुढे डिक्शनरीत ‘नाकारणे’च दिलंय, मग फरक काय ओ?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: साहेबांचं बरोबर आहे, पण हसायला नको होतं, कारण खरा घोळ त्या डिक्शनरीने घातलाय.

तुमचा टॅक्सीवालाच घेऊ. दादर स्टेशनबाहेर तुम्ही ‘लोअर परळ’ म्हणालात आणि तो नुसती मान हलवून निघून गेला, तर त्याने काम करायला नकार दिला, ते रिफ्यूज, म्हणून पुढे ‘टु’ येतं, ‘ही रिफ्यूज्ड टु कम’. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १७८ वं कलमसुद्धा भाडं नाकारण्याला रिफ्यूजच म्हणतं. आता पोलिसाने पकडल्यावर तोच म्हणाला, ‘साहेब, मी कुठे नाही म्हटलं?’ की झालं डिनाय, म्हणजे इन्कार, जे घडलं ते घडलंच नाही म्हणणं, आणि तिथे ‘टु’ नाही, ‘ही डिनाइड रिफ्यूजिंग’. तुमच्या वाक्यात दोघांची खिचडी झाली. बरं, हक्काची रजा मिळाली नाही तर ‘आय वॉज डिनाइड लीव्ह’ चालतं, म्हणून गोंधळ अजून वाढतो.

रिजेक्ट म्हणजे फेटाळणं, अर्ज, टेंडर, माल असं काहीतरी तपासून बाद करणं. लॅटिनमध्ये त्याचं मूळच ‘मागे फेकणं’ आहे, त्यामुळे ‘मुलगी रिजेक्ट केली’ ऐकलं की मला तरी कसंतरीच होतं.

डिक्लाइन त्यातल्या त्यात सभ्य. ‘पत्रिका जुळत नाही हो’ हे आपलं अस्सल मराठी डिक्लाइन! फ्रेंच लेखक सार्त्रने १९६४ साली नोबेल नाकारलं त्यालाही हेच क्रियापद शोभतं. गंमत म्हणजे दुकानात कार्ड चाललं नाही तरी मशीन ‘डिक्लाइन्ड’च दाखवतं, मागे रांग उभी असताना एवढी नम्रता काय कामाची.

आणि रिफ्यूज म्हणताना जोर ‘फ्यूज’वर द्या, पहिल्या अक्षरावर देऊन ‘रेफ्यूस’ म्हणालात तर त्याचा अर्थ कचरा.