दोन्ही दिवे हिरवे, फोल्डर रिकामा

जुना नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फायली साठवणारा डिस्कांचा डबा) बदलून नवा घेणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले काही इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ४ टीबीची डिस्क बसवली, विंडोजमध्ये ३.६३ दिसते. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

प्रश्न : जुना नॅस नव्या लॅपटॉपला दिसतच नाही. बिघडला का?

उत्तर : बहुधा धडधाकट असेल. जुने नॅस एसएमबी-१ (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) वापरतात आणि विंडोज १० ने २०१७ च्या शेवटाकडे ते आपणहून बसवणे थांबवले. 'सेटिंगमध्ये जाऊन चालू करा' असे कोणी सांगितले तर ऐकू नका. त्याच वर्षी वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) याच दारातून घुसले होते. ब्राउझरमधून नॅसचे पान उघडत असेल तर तिथून फायली उतरवून घ्या.

प्रश्न : दोन डिस्कांचा नॅस घेतोय, मिररिंग आहे. 'आता वेगळा बॅकअप नको,' असे दुकानदार म्हणाला. खरे का?

उत्तर : त्याला डबा विकायचा आहे. रेड-१ मध्ये, म्हणजे या मिररिंगमध्ये, एकच गोष्ट दोन्ही डिस्कांवर लिहिली जाते. एक डिस्क मेली तर काम अडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. तुम्ही फोल्डर पुसलात की तो दोन्हीकडून जातो. माझ्याकडे एकजण असाच नॅस घेऊन आले होते : दोन्ही दिवे हिरवेगार, स्थिती 'हेल्दी' आणि मुलीच्या लहानपणच्या फोटोंचा फोल्डर रिकामा. रॅन्समवेअरलाही आरशाचे काही वाटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठले आणि आतल्या फायली कुलूपबंद केल्या. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नॅसवर स्नॅपशॉट (फायली त्या क्षणी जशा होत्या तशी नोंद) लावा, यूएसबी डिस्कवर नेमाने प्रत काढा आणि काम झाले की ती डिस्क उपसून ठेवा; लावलेलीच राहिली तर तीही त्याच फेऱ्यात सापडते. आणि हो, महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून, उघडून पाहा. हे कोणीच करत नाही.

प्रश्न : सिनेमांसाठी महागडा प्रोसेसर लागतो का?

उत्तर : टीव्ही ती फाइल जशीच्या तशी चालवत असेल तर नाही. ट्रान्सकोडिंग, म्हणजे टीव्हीला चालेल अशा रूपात व्हिडिओ बदलणे, लागणार असेल तर क्विक सिंक (हेच काम झटपट करणारी सोय) असलेला इंटेल प्रोसेसर बरा. टीव्हीचे मॉडेल आणि दोन-चार फायली जाणकाराला दाखवूनच पैसे मोजा.

प्रश्न : स्वस्तातली डिस्क चालेल का?

उत्तर : एसएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) नको, सीएमआर (पट्ट्या वेगवेगळ्या ठेवणारी) घ्या. डिस्क बदलल्यावर डेटा पुन्हा भरताना एसएमआर रखडते. खोक्यावर 'नॅस' छापलेय म्हणून विसंबू नका. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' नावाने विकल्या जाणाऱ्या काही नॅस-डिस्कांत एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत तपासा.

प्रश्न : जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येतोय. सेलपर्यंत थांबू का?

उत्तर : आत्ताच बंद करा! बॅकअप नसेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा. फ्रीझरमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरते.