मामाचा माउथपीस उकळू नका

प्रश्न : सर, मी सांगलीचा. एका ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन वाजवतो. मामा गेल्यावर त्याच्या ट्रंकेत काळ्या रबराचा माउथपीस, म्हणजे सॅक्सचा तोंडात धरून फुंकायचा भाग, सापडला. त्यावर 'बर्ग लार्सन' हे नाव आणि ११०, २ असे आकडे आहेत. रंग शेवाळासारखा हिरवट झालाय, वास जुन्या टायरचा येतो. मामाचा सूर भरदार होता, माझा चिरका निघतो. उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ करावा आणि कुणाकडून तरी घासून घ्यावा का? मग मामासारखा सूर निघेल?

उत्तर : आधी गॅस बंद करा! हे एबोनाइट आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. वर्षानुवर्षं उजेड लागला की त्यातला गंधक वर येतो. तो हिरवा रंग आणि तो वास त्याचाच. उकळत्या पाण्यात रंग आणखी बिघडेल आणि माउथपीस वाकडा होईल तो वेगळाच. थंड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं, एवढं पुरे. आत पांढरा थर असेल तर तो लाळेतल्या क्षारांचा. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा. हिरवा रंग राहू दे, सुराचं त्यानं काही अडत नाही.

आता आकडे. ११० म्हणजे टोकाशी रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आणि माउथपीस यांच्यातली फट, इंचाचे ११० हजारांश, साधारण २.८ मिलिमीटर. चांगलीच ऐसपैस आहे. २ हा आतल्या घडणीचा आकडा. या इंग्रजी माउथपीसमध्ये ० सगळ्यात धारदार आणि ३ सगळ्यात गडद. २ म्हणजे सुराला अंग आहे, पण कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात बुडणार नाही अशी धारही आहे. सॉनी रोलिन्ससारख्या जॅझ सॅक्सवादकानं बर्ग लार्सन वाजवलाय, तेव्हा मामांची निवड काही ऐरीगैरी नव्हती.

घासण्याचं मात्र मनातून काढून टाका. तंबोऱ्यांचं मिरज तुमच्या शेजारी, तेव्हा जवारी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरची ती केसभर गोलाई बिघडली की तंबोरा मुका होतो. माउथपीसमध्ये रीड जिथून उचलली जाते तिथला उतार म्हणजे त्याची जवारीच. मी १९८४ साली माझा धातूचा 'ओटो लिंक' माउथपीस चकाकावा म्हणून पॉलिशला दिला. आला तो आरशासारखा, पण टोकाची कड गोल झालेली. वरच्या 'सा'वर गेलो की कुंईऽऽ! परत कधी तो पूर्वीसारखा वाजला नाही. माझं सोडा, थोर जॅझ सॅक्सवादक जॉन कोलट्रेननं एका मुलाखतीत सांगितलंय की माउथपीस सुधारायला गेला आणि तो बिघडून बसला, त्यामुळे त्याला जलद वाजवणं आवरतं घ्यावं लागलं. त्याच काळातली संथ गाण्यांची 'बॅलड्स' ही रेकॉर्ड १९६३ साली आली. आपण त्यातही सोनं ऐकतो, पण तो कोलट्रेन होता.

मामांचा माउथपीस धड आहे का हे घरीच बघा. ओली रीड लिगेचरनं (रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्यानं) बसवा, मागचं भोक तळहातानं घट्ट बंद करा, टोकाकडून हवा ओढून घ्या आणि तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून राहून 'टप्प' करून सुटली तर बहुतेक सगळं ठीक. लगेच सुटली तर आधी दुसरी रीड लावून बघा, मग माउथपीसला दोष द्या. सॅक्सच्या नेकवर, म्हणजे वरच्या वाकड्या नळीवर, बसताना घट्ट वाटला तर दाबू नका, नळीवरच्या कॉर्कला ग्रीस लावा.

सध्या ३ नंबरची रीड वापरत असाल तर या फटीला ती जड जाईल, फुंकून फुंकून दम निघेल. २ किंवा अडीचपासून सुरुवात करा. पहिले आठ दिवस फक्त लांब सूर, खालच्या सप्तकात. गाणी नकोत.

मामासारखा सूर? अर्धा त्यांच्या ओठांत आणि छातीत होता, तो ट्रंकेत सापडायचा नाही. पण माउथपीसच्या वरच्या बाजूला दातांचे दोन खळगे असतील, नखानं चाचपून बघा. बरेच वादक भीत भीत टोकाशीच चावतात आणि सूर चिरका होतो. तुम्ही तुमचे दात त्या खळग्यांत ठेवा आणि खालचा 'सा' लावा.