त्यांचा आषाढ डिसेंबरात

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार आहेत प्रवासी बोटींच्या उघड्या डेकवर बावीस वर्षं खुर्च्या मांडून आणि आवरून निवृत्त झालेले फोंड्याचे आमचे दर्यावर्दी काका.

प्रश्न : काका, मुलीने आम्हा दोघांसाठी २७ डिसेंबरपासून सात रात्रींची भूमध्य समुद्राची क्रूझ काढली आहे. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया (रोमसाठीचं बंदर), पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा आणि परत बार्सिलोना. माहितीपत्रकात निळंशार पाणी आणि बोटीवरच्या पोहण्याच्या तलावाकाठी पहुडलेली माणसं दिसतात. मोबाइलवर बघितलं तर १४-१५ अंश. इथे पहाटे २० अंश झालं की आम्ही शाली काढतो! यांचं वय ७१, माझं ६६. तिथे हवा नेमकी कशी असेल? मी साडीच नेसते, तीही अडचण सांगून ठेवते.
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : ताई, ते माहितीपत्रक आधी रद्दीत घाला. तो फोटो जुलैतला आहे. डिसेंबरात त्याच तलावावर आम्ही कित्येकदा जाळी ताणून ठेवलेली असायची.

तिथलं ऋतुमान आपल्या उलट चालतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. त्यांचा उन्हाळा कोरडा ठणठणीत. अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा तेव्हा वर सरकून बसतो आणि पावसाला आत येऊ देत नाही. थंडीत तो पट्टा दक्षिणेला उतरतो, दार उघडतं आणि पश्चिमेकडून एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं आत शिरतात. म्हणजे त्यांचा आषाढ-श्रावण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं होडी लोटत नाहीत. तसाच प्राचीन रोमन लोकांचा समुद्र ११ नोव्हेंबर ते १० मार्च बंद असायचा. मी लहान असताना पणजी-मुंबई आगबोटही पावसाळ्यात बंद असे. तुम्हाला आठवत असेलच.

पावसाला मात्र घाबरू नका. पणजीत एकट्या जुलैत जेवढा पडतो, तेवढा माल्टात अख्ख्या वर्षात पडत नाही. आपल्यासारखी चार-चार दिवसांची झड सहसा नसते. तासभर सर येते, मग लख्ख ऊन, मग पुन्हा ढग. सात दिवसांत दोन-तीन ओले निघतील असं धरून चला.

आता आकडे. बार्सिलोनात दिवसा १४-१५, रात्री ६-७. मार्सेयला (आपलं माशेल नव्हे, फ्रान्समधलं!) दिवसा ११-१२ आणि पहाटे ३-४. जेनोआ आणि रोमला दुपारी १२-१३, पण रोमची पहाट ३ अंशांपर्यंत उतरते. पालेर्मो आणि व्हॅलेटाला दिवसा १५-१६, रात्री १०. म्हणजे उत्तरेकडची तीन बंदरं गार आणि दक्षिणेकडची दोन बरी. रोममध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्फही पडला होता, पण तसं क्वचितच.

हे आकडे तुम्हाला मोबाइलनेही दिले असते. मोबाइल वाऱ्याकडे लक्ष देत नाही आणि बोटीवर सगळा खेळ वाऱ्याचा. हवा १० अंश आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल तर अंगाला ती पाच-सहा अंशांसारखी झोंबते. बोट स्वतः चालत असते, तिचा वारा आणखी वेगळा.

तुमची पहिलीच रात्र बार्सिलोना ते मार्सेय, म्हणजे लिओंच्या आखाताच्या तोंडावरून. तिथे मिस्ट्राल नावाचा वारा असतो. उत्तरेची थंड हवा आल्प्स आणि फ्रान्समधल्या डोंगरांच्या मधून, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून फनेलात ओतल्यासारखी खाली येते आणि थेट समुद्रावर सुटते. झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेलेले मी पाहिले आहेत. मला पहिल्या वर्षी त्याने चांगलंच फसवलं. आपण कोकणातली माणसं, वादळ म्हटलं की काळंकुट्ट आभाळ शोधतो. त्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, चांदण्या इतक्या ठळक की हाताला लागाव्यात. ब्रिजवरून, म्हणजे कप्तान बोट चालवतो तिथून, फोन आला, खुर्च्या बांधा. मी वर बघून मनात म्हटलं, कप्तानाला काय झालंय? थोड्या बांधल्या, थोड्या नुसत्या रचून ठेवल्या. पहाटे तीनला उठवून वर नेलं तेव्हा तलावातलं पाणी या काठावरून त्या काठावर आदळत होतं आणि माझ्या रचलेल्या खुर्च्यांपैकी सहा कठड्यापाशी एकमेकींत अडकून पडल्या होत्या. सातवी सापडलीच नाही. वर अजून तेच चांदणं. त्या खुर्चीचे पैसे पगारातून कापले गेले, म्हणून ही रात्र तारखेसकट लक्षात आहे.

तेव्हा निरभ्र आकाश बघून स्वेटर केबिनमध्ये ठेवून जाऊ नका.

दक्षिणेला वेगळाच प्रकार. सहाराकडून सिरोको येतो. हा गरम, दमट. भर जानेवारीत सिसिलीत २० अंशांच्या वर पारा नेतो आणि सोबत वाळवंटाची धूळ आणतो. वर पाऊस झाला की तो लालसर चिखलच पडतो. सकाळी पांढरे टॉवेल मांडले की दहा मिनिटांत त्यांवर पानाच्या पिचकारीसारखे ठिपके. अख्खा डेक पाइप लावून धुवावा लागे. मोतिया रंगाची साडी त्या दिवशी नको.

साडीचं म्हणाल तर खुशाल नेसा. आतून परकराखाली लोकरीची लेगिंग, ब्लाउज पूर्ण बाह्यांचा, वर पातळ स्वेटर आणि सगळ्यावर टोपी असलेलं वाराजलरोधक जॅकेट. पातळ तीन थर एका जाड कोटापेक्षा बरे, कारण बोटीच्या आत २२-२३ अंश असतात आणि बसमध्ये हीटर. दिवसात दहा वेळा काढघाल होते. निऱ्या चार बोटं वर घ्या, कारण व्हॅलेटाच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, तोही मऊ चुनखडीचा दगड, पावलांनी घासून गुळगुळीत झालेला. ओला झाला की शेवाळलेल्या विहिरीचा काठ. चपला नकोतच, रबरी तळाचे बूट. यांच्या गुडघ्याची काही तक्रार असेल तर काठीही न लाजता घ्या.

आणि छत्री नेऊ नका. गोंयकाराला हे सांगणं कठीण आहे, मला कळतं. पण वाऱ्याच्या पावसात मार्सेयच्या कचऱ्याच्या डब्यांत काड्या मोडलेल्या छत्र्या कोंबलेल्या असतात.

दिवस लहान असतो, याची कल्पना बऱ्याच जणांना नसते. बार्सिलोनात डिसेंबरअखेर सूर्य उगवतो सव्वाआठला. रोममध्ये पावणेपाचला अंधार. चिवितावेक्किया हे रोमचं बंदर, पण रोम तिथून रेल्वेने तासाभरावर. हिशेब केलात तर हातात जेमतेम पाच तासांचा उजेड राहतो. व्हॅटिकन आणि कोलोसियम दोन्ही एका दिवसात करायच्या भानगडीत पडू नका. थंडीत रांगा तशाही लहान असतात, एकच बघा आणि नीट बघा. व्हॅलेटाला तुम्ही १ जानेवारीला पोचाल असं दिसतं. दुकानं बहुतेक बंद असतील. चाला, बंदर बघा, कॉफी प्या.

३ तारखेला उतरल्यावर मुलीला सांगून बार्सिलोनात दोन दिवस राहता आलं तर राहा. रेईश मागुश आणि चांदरला ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त असतं ना, तेच तिथे ५ तारखेच्या संध्याकाळी राजे बोटीतून बंदरात उतरतात आणि मिरवणूक निघते. त्या गर्दीत थंडी कळत नाही.

एक बंदर हुकेल, अशी मनाची तयारी ठेवा. हुकेलच असं नाही. पण वारा आडवा असला की एवढी उंच बोट धक्क्याला लावणं धोक्याचं, आणि कप्तान आत न जाता पुढे जातो. एकदा नागपूरचं एक कुटुंब रोमसाठी दोन वर्षं पैसे साठवून आलं होतं. चिवितावेक्किया समोर दिसत होतं, दीपस्तंभही दिसत होता, आणि बोट वळली. आजोबा कठड्याला धरून तासभर उभे राहिले. मी गरम सूप नेऊन दिलं, दुसरं काय करणार? तिकिटाचे पैसे अशा वेळी मिळत नाहीत, बंदराचा कर तेवढा बहुतेक कंपन्या खात्यात परत जमा करतात. म्हणून ज्या शहरासाठी तुम्ही मुख्यतः चाललात ते बोटीच्या भरवशावर ठेवू नका; बार्सिलोनाला मात्र एक दिवस आधी पोचा, म्हणजे विमान उशिरा आलं तरी बोट चुकणार नाही.

प्रश्न : मी काणकोणचा, रापणकारांच्या घरातला. आजोबा, वडील सगळे दर्यावर. मला मात्र बोट लागते, हे घरी सांगायचीही लाज वाटते. जानेवारीत कंपनीतर्फे भूमध्य समुद्राची सहल आहे. जाऊ का?

उत्तर : जा रे बाबा. माझ्याबरोबर एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता, तीस वर्षं नोकरी झालेला, दर मोसमाच्या पहिल्या दिवशी तो ओकायचाच.

भूमध्य समुद्राच्या लाटा अरबी समुद्रासारख्या लांबलचक नसतात. जागा कमी, त्यामुळे लाट आखूड आणि उभी, आणि वारा सुटला की काही तासांत उठते. तशीच वारा पडला की लवकर बसतेही. मोठ्या बोटींना पोटाखाली दोन बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात. त्यांनी बोटीचं कुशीवर डुलणं बरंच कमी होतं, पण नाक वर-खाली होणं थांबत नाही. म्हणून केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर घे. झोपाळ्याच्या मधल्या कडीपाशी बसल्यासारखं. वरची, बाल्कनीची, अगदी पुढची केबिन फुकट मिळाली तरी नको.

गोळी डॉक्टरला विचारून आधीच घे. पोटात ढवळायला लागल्यावर गोळी खाणं म्हणजे पूर आल्यावर बांध घालणं. उपाशी राहू नकोस, कोरडा पाव खा. बाहेर उभं राहून क्षितिजाकडे बघ, मोबाइलकडे नको. माझ्या खिशात नेहमी आमसुलांची पुडी असे, एक गालात धरायचं. एका जर्मन बाईंना दिलं होतं, दुसऱ्या दिवशी त्या पुडीसाठीच डेकवर शोधत आल्या. लिफ्टपाशी कागदी पिशव्या लावायला सुरुवात झाली की समज, ब्रिजवर काहीतरी कळलं आहे. आमच्याकडे जाहीर घोषणेच्या आधी पिशव्या यायच्या.

प्रश्न : लग्न जानेवारीत. फेब्रुवारीत ग्रीसची बेटं करावीत का? सान्तोरिनीचे फोटो बघून ठरवलं आहे. — मडगाव

उत्तर : अभिनंदन! पण फेब्रुवारीत सान्तोरिनी नको. निम्म्याहून अधिक हॉटेलं, खाणावळी बंद. तिथे क्रूझची बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून उतरवतात आणि वाऱ्यात त्या होड्या सोडतच नाहीत. अथेन्स करा. जानेवारीत तिथे दिवसा १३, रात्री ७ च्या आसपास, फेब्रुवारीही तसाच. ग्रीक लोक सांगतात की ऐन हिवाळ्यात काही दिवस वारा अचानक पडतो आणि कोवळं ऊन येतं, कारण तेव्हा खंड्या पक्षी समुद्रावर अंडी उबवतो. पक्ष्याचं खोटं असलं तरी ते दिवस मी अनुभवले आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतात. त्यांच्या भरवशावर तिकीट काढू नका, मिळाले तर आपलं नशीब. बेटांसाठी मे महिना ठेवा.

प्रश्न : पोहता येईल का? — वास्को

उत्तर : समुद्रात नाही. बार्सिलोनापाशी फेब्रुवारीत पाणी १३ अंश असतं, बायणाच्या किनाऱ्यावरचं २७-२८ सोडून तिकडे कशाला? बोटीवरच्या तलावाचं पाणी तापवलेलं असेल तर उतरा. प्रश्न बाहेर निघण्याचा असतो. आमच्या तलावापासून दारापर्यंत बारा पावलं होती. मी दारात टॉवेल पसरून उभा राहायचो आणि इंग्लंडची धिप्पाड माणसंसुद्धा ती बारा पावलं किंचाळत पळायची.