"आमचा मुलगा कुणाला काही देतच नाही"

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे मुलांविषयी सल्ल्याला येणाऱ्या पालकांची हल्ली एक तक्रार ठरलेली असते: "मॅडम, नुसतं मी आणि माझं. दुसऱ्याला काही द्यावं हे त्याला सुचतच नाही." सोहमची आई त्यांतलीच (नाव आणि तपशील बदललेत). अकराव्या वाढदिवसाला त्याला अनाथाश्रमात केक वाटायला नेलं, तर हा गाडीतून उतरेना.

पहिल्या काही भेटींत तो गप्पच. मीही केकचा विषय काढला नाही. मग एकदा आपणहून म्हणाला, "केक पपांनी आणला. फोटो आई काढणार होती. मी काय दिलं असतं?"

आईचा चेहरा उतरला. मला मात्र आमच्या तिघांत तोच शहाणा वाटला. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर मला पटतो तो इथेच: मूल आधी चार माणसांत आपली जागा शोधतं, ती सापडली की देणं मागोमाग येतं. सोहमला दयेचे धडे नको होते, काम हवं होतं.

चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. तेव्हा गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं टांगून माटोळी बांधतात. मी आईला सुचवलं, "शेजारच्या आजी एकट्याच चवथ करतात ना? त्यांच्या माटोळीचं सामान सोहमनं आणायचं. आजोबांबरोबर रानात पाठवा."

"अहो, त्याला कवंडळ ओळखता येत नाही!"

"आजोबांना येतं ना?"

चवथीनंतर स्वारी बोलतच आत आली. कवंडळं मिळाली, कांगलां मिळाली, घागऱ्या मिळाल्या, पण आजी म्हणाल्या, "अंबाडे खंय रे?" आणि याला परत पिटाळलं. मी मनात आजींना हात जोडले. आभार पाहुण्याचे मानतात. त्यांनी त्याला घरच्यासारखं कामाला लावलं होतं. रात्री आरतीवाल्या पोरांनी त्याच्या हाती कासाळं (झांजा) दिलं आणि हा त्यांच्याबरोबर घरोघर फिरला. आरतीत वाजणाऱ्या घुमट या मातीच्या वाद्याला 2019 साली राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, ते छानच. पण कुणाचं घर वगळायचं नाही, हा त्या आरतीचा रिवाज मला जास्त मोलाचा वाटतो.

वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन चोवीस तास अखंड चालतं, कारण ज्याची पाळी तो येऊन बसतो. मुलालाही अशी एक पाळी द्या, ज्यावाचून कुणाचं तरी खरंच अडेल. फोटो, बक्षीस, प्रमाणपत्र यांतलं काही नको. आणि तो विसरला, तर तुम्ही गुपचूप उरकून टाकू नका. ज्याचं अडलं, त्यालाच विचारू द्या.