तेल लावू का गं?

चि. यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि वाटलं, हे बोलून भागणार नाही, नीट लिहूनच पाठवावं. तू म्हणालास, "काकू, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने देवरुखला जातो, दोन दिवस राहतो आणि परत येताना वाटतं, कुणाकडे तरी पाहुणा जाऊन आलो." लेक पाच आठवड्यांची झाली. बारशाला तुझ्या मांडीवर दिली ती फोटोपुरती. सकाळी न्हाऊ घालणाऱ्या आजी येतात, दार लोटून घेतात, आत ती टाहो फोडते आणि तू ओटीवर बसून राहतोस. बोलताना तुझा आवाज भरून आला होता, तो मला ऐकू आला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगली आहे. मुलीला विश्रांती मिळते, हक्काचं माणूस जवळ असतं. पण त्या रीतीत बापाला कुठे बसवायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. ती जागा तुझी तुलाच करून घ्यायची आहे, आणि कुणाशी न भांडता करता येते.

आधी माझी एक चूक सांगते. सरकारी रुग्णालयाच्या नवजात विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. सुरुवातीची कितीतरी वर्षं दारात वडील दिसले की मी म्हणायची, "तुम्ही बाहेर थांबा." का, तर तसंच चालत आलेलं. मग एका रात्री 1400 ग्रॅमचं बाळ आलं. सिझेरियननंतर आईला झटके आलेले, ती दुसऱ्या इमारतीत. डॉक्टर म्हणाले, वडिलांना बोलवा. तो रिक्षा चालवायचा. हातांच्या रेघांत काळं ग्रीस बसलेलं, ते निघेपर्यंत बेसिनपाशी घासत राहिला. त्याला खुर्चीत मागे रेलून बसवलं, शर्ट काढायला लावला आणि लंगोट-टोपडं घातलेलं ते बाळ त्याच्या उघड्या छातीवर उभं ठेवून, मान एका कुशीला वळवून चादरीने बांधलं. भीतीने त्याचा श्वासच वर चढलेला. मी म्हटलं, "पाठीवर हात ठेवा. काही करू नका, नुसता ठेवा." अर्ध्या-पाऊण तासाने पाहिलं, तर बाळाचे गार पाय कोमट झाले होते आणि बापाचे खांदे खाली आले होते. सकाळपर्यंत तो खुर्चीतून उठला नाही. त्यानंतर मी एकाही वडिलांना बाहेर काढलं नाही. त्याआधी ज्यांना काढलं, त्यांची सल मात्र अजून जात नाही.

याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, कारण त्यांच्याकडे बाळं जास्त आणि काचेच्या पेट्या कमी होत्या. पुढे भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला आणि 2021 साली तो छापून आला. एक किलो ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्शाने कमी झाले. नावात 'मदर' असलं तरी बाळाला छाती कुणाची हे फारसं लागत नाही. ऊब लागते, श्वासाची लय लागते.

तुझी लेक पूर्ण दिवसांची, बाळसं धरलेली. तिला जगण्यासाठी याची गरज नाही. पण कातडी तीच आहे. आपल्या कातडीत काही बारीक नसा अशा आहेत, ज्यांना संथ, उबदार स्पर्शच कळतो. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या चालीने हात फिरला की त्या जाग्या होतात. घाईने चोळलं तर तो निरोप पोचत नाही. म्हणून खांद्यापासून मनगटापर्यंत हात न्यायला चार-पाच सेकंद घे. सुरुवातीला फार हळू वाटेल. तेवढंच हळू हवं.

शनिवारी संध्याकाळची वेळ तुझी असं बायकोशी आधीच ठरवून ठेव. सकाळ आजींची, त्यात शिरू नकोस. दूध पिऊन निदान अर्धा-पाऊण तास झालेला असावा, बाळ जागं आणि शांत असावं, पंखा बंद. खाली चटई, तिच्यावर जाड दुपटं, आणि तू भिंतीला टेकून बसलेला. तिचं तोंड तुझ्याकडे, वीतभर अंतरावर, म्हणजे तिला तुझा चेहरा दिसेल. तेल तिथलं साधं खोबरेलच घे. मोहरीचं नको, त्याने नाजूक कातडी बिघडते. वासाचं महागडंही नको. आधी थोडं पायाला लावून एक दिवस वाट बघ.

आता मुख्य गोष्ट. तळहातावर तेल घेऊन तिच्यासमोर हात एकमेकांवर चोळ आणि विचार, "तेल लावू का गं?" हसू नकोस, खरंच विचार, आणि उत्तराची वाट बघ. ती टक लावून बघेल, पाय हलवेल, हुंकार देईल, तर हो. तोंड फिरवलं, बोटं ताठ फाकवली, कपाळाला आठी आली, पाठीची कमान केली, उचकी लागली, तर आज नको. मग तेल पुसून तिला नुसती छातीशी घे. तिचं 'नको' तू ऐकलंस, हेही तिला कळतं. मला विचारशील तर सगळ्या मालिशीत हेच मोठं.

पायांपासून सुरुवात कर, पोटऱ्या, मांड्या. हात इतका हलका नको की गुदगुल्या होतील, आणि हाडाला जाणवेल इतका जडही नको. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल. डाव्या दंडावर बीसीजीचा फोड आला असेल, त्याला हात लावू नकोस, तेलही नको, तो आपोआप सुकतो. पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची लस आहे. त्यानंतर टोचल्या जागा दोन दिवस सोडून दे. पाचच मिनिटं झाली तरी पुरे.

आणि त्या आजींबद्दल मनात अढी धरू नकोस. त्यांच्याजवळ एकदा बसायला मिळालं तर बघ, पाटावर पाय पसरून बाळाला नडग्यांवर निजवतात आणि तांब्याची धार डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा तळवा कसा धरतात. ती कला आहे, मी ती अशाच एका आजींकडून शिकले. पण काही गोष्टी तुम्ही दोघांनी गोड शब्दांत थांबवायलाच हव्यात. नाका-कानांत तेल सोडायचं नाही, नाकातलं तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. आईच्या हार्मोन्समुळे बाळाची छाती फुगते, मुलगी असो की मुलगा, ती पिळून दूध काढायचं नाही, गळू होतं. टाळूवर तेल नुसतं लावायचं, दाबायचं नाही. पाय धरून उलटं करायचं नाही. कोंडलेल्या खोलीत धुरी नको. आणि रडलं की फुफ्फुसं मोकळी होतात हे खरं नाही. ती रडते तेव्हा थांबा म्हणायचा तुला हक्क आहे. तुझ्या सासूबाईंना विश्वासात घे, त्यांनी सांगितलेलं आजी ऐकतील.

अजून एक. रात्री लेक झोपली की बायकोच्या पाठीलाही तेच तेल लाव. दिवसभर सगळे बाळाला बघायला येतात, तिच्या अंगावरून हात फिरवायला कुणी येत नाही.

पहिल्या दोन-तीन शनिवारी काहीच घडलं नाही असं वाटेल. ती जांभई देईल, झोपेल, एखादवेळी तुझ्या विजारीवर शू करेल. तू हात चोळलेस की ती आपणहून पाय झाडायला लागेल, त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असोत.

नखं गुरुवारीच कापून ठेव, म्हणजे कडा बोथट होतात. अंगठी आणि घड्याळ काढून बस.

तुझी,
काकू