टायर गळत नाहीये, हवा तापली होती

सकाळी चेंबूरच्या पंपावर 32 हवा भरली, खालापूरला थांबलात तेव्हा 36 दिसली, तिथल्या मुलाने चार पॉइंट काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराखाली 28 निघाली. टायर गळतोय का, असं विचारलंयत. माझ्या मते नाही. हे चारही आकडे (दाबाचे, पीएसआयमध्ये म्हणजे पौंड प्रति चौरस इंच) वायूच्या एकाच नियमात बसतात.

टायर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे आतल्या हवेचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. मग दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. फक्त तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवायचे. आणि गेज दाखवतं तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, म्हणून त्यात वातावरणाचे 14.7 धरायचे. बहुतेकांचं गणित या दोन जागीच चुकतं.

सकाळी 27 अंश, म्हणजे 300 केल्विन. दाब 32 अधिक 14.7, म्हणजे 46.7. पळताना टायर सतत दबतो, सुटतो आणि तापतो. आतली हवा 53 अंशांवर, म्हणजे 326 केल्विनला गेली असं धरा. 46.7 गुणिले 326 भागिले 300, म्हणजे 50.7. त्यातून 14.7 वजा करा: 36. 14.7 न धरता सेल्सिअसनेच 32 गुणिले 53 भागिले 27 केलं असतं तर 63 आले असते! आता तापलेल्या टायरची हवा 32 वर आणली आणि तो निवला, की उलट गणिताने 28 उरतात.

म्हणून कळकळीने सांगतो, गरम टायरची हवा काढू देऊ नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आणखी तापतो, आणि एक्सप्रेसवेच्या वेगात फुटू शकतो. दारापाशी स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. नायट्रोजन भरलात तरी नियम हाच.

तुमच्या मुलाला पडलेला प्रश्नही याच घरातला आहे. दादरला घेतलेलं वेफर्सचं पाकीट लोणावळ्यात टम्म फुगलं, कारण सुमारे 600 मीटर उंचीवर बाहेरचा दाब जवळपास 7 टक्के कमी असतो. पाकीट टायरसारखं कडक नाही, त्यामुळे इथे दाब वाढण्याऐवजी आकारमान वाढतं. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1662 मध्ये मांडलेला, दाब आणि आकारमानाचा नियम तो हाच.

आता गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी 32 भरा आणि पुढचे तीन-चार दिवस त्याच वेळी, गाडी हलवण्याआधी मोजा. एकच टायर रोज उतरत असेल, तर मात्र पंक्चरवाल्याला दाखवा.